नावाच्या जागी नंबर
(बर्फाळ प्रदेशातील इनुइट लोकांची हकिकत)

शाळेच्या भूगोलात टुंड्रा प्रदेशाचा धडा आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेला आहे. बर्फाचे घुमटासारखे घर, कुत्र्यांनी ओढायची गाडी, केसाळ कातड्याचे कपडे घातलेला माणूस आणि चित्राखाली शब्द छापलेला, ‘एस्किमो’. परीक्षेपुरते आपण ते पाठ केले आणि विसरून गेलो. पण हे नाव त्या लोकांनी स्वतःला घेतलेलेच नव्हते, हे काही त्या धड्यात लिहिलेले नव्हते.

ते नाव शेजारच्या दुसऱ्या लोकांच्या बोलीतून गोऱ्यांनी उचलले. ‘कच्चे मांस खाणारे’ असा त्याचा अर्थ वर्षानुवर्षे सांगितला गेला आणि त्यात हिणवण्याचा सूर होताच. आजचे भाषातज्ज्ञ हा अर्थ बरोबर मानत नाहीत. बर्फावरून चालण्याचे जाळीदार जोडे विणणारे, असा मूळ अर्थ असावा असे त्यांचे म्हणणे. अर्थ कोणताही असो, नाव परक्याचे ते परक्याचेच. हे लोक स्वतःला ‘इनुइट’ म्हणतात. इनुइट म्हणजे माणसे. एकटा असेल तर ‘इनुक’, म्हणजे माणूस. १९७७ साली अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंडमधील इनुइट एकत्र जमले आणि त्यांनी आपली परिषद स्थापन केली, तेव्हा तिला हेच नाव दिले. अलास्कातील युपिक त्यांचे भाऊबंद, पण ते स्वतःला युपिकच म्हणवतात. ज्याने त्याने आपले नाव सांगावे आणि इतरांनी ते मानावे, एवढीच साधी गोष्ट आहे. पण ती किती महाग पडते, हे इनुइटांच्या इतिहासात पाहावे.

त्यांचे पूर्वज सुमारे हजार ते आठशे वर्षांपूर्वी अलास्काकडून पूर्वेला सरकत सरकत ग्रीनलंडपर्यंत पोहोचले. त्या मुलखात झाड उगवत नाही, शेती होत नाही. जगायचे ते सील, देवमासा, वालरस आणि कॅरिबू नावाच्या हरणावर. मांस खायला, चरबी जाळायला, कातडे अंगावर, हाडांची हत्यारे, स्नायूंच्या तंतूंचा दोरा. टाकून देण्यासारखे काही उरतच नसे. हिवाळ्यात सील गोठलेल्या समुद्राला भोक पाडून श्वास घ्यायला वर येतो. त्या भोकापाशी शिकारी भाला घेऊन निश्चल उभा राही, कधी कधी तासन् तास.

पुस्तकातल्या बर्फाच्या घराचेही थोडे सांगितले पाहिजे. ‘इग्लू’ म्हणजे त्यांच्या भाषेत कोणतेही घर. सगळे इनुइट काही बर्फाच्या घरात राहत नसत. अलास्का आणि ग्रीनलंडात दगड, माती, लाकूड आणि देवमाशाची हाडे वापरून घरे बांधत. बर्फाचे घर मुख्यतः कॅनडाच्या मुलखातले. वाऱ्याने दाबून घट्ट झालेला बर्फ लांब सुरीने कापायचा, त्याच्या लाद्या गोल गोल चढत्या क्रमाने रचायच्या, प्रत्येक लादी थोडी आत कललेली. बांधणारा आतच उभा असतो. आत शिरायचा बोगदा खाली आणि झोपायचा ओटा वर. थंड हवा खाली राहते, ऊब वर राहते. कॉलेजात न गेलेल्या माणसांचे हे शास्त्र आहे, वाचकहो! घरात दगडाचा अर्धचंद्राकृती दिवा, त्याला ते ‘कुल्लिक’ म्हणतात. सीलच्या चरबीचे तेल आणि शेवाळाची वात. उजेड त्याचाच, ऊब त्याचीच. बर्फ वितळवून पाणी त्याच्यावर, ओले कपडे वाळवायचे तेही त्याच्यावर. हा दिवा राखणे घरच्या बाईचे काम. आमच्या मायबहिणींना हे वेगळे सांगायला नको, चूल कोणाच्या जिवावर पेटती राहते ते.

शिकार एकट्याची, पण मांस एकट्याचे नव्हे. नेत्सिलिक नावाच्या इनुइट गटात सीलचा प्रत्येक भाग कोणत्या जोडीदाराला द्यायचा हे ठरलेले असे, आणि ते जोडीदार एकमेकांना त्या भागाच्याच नावाने हाक मारीत.

आता नावांकडे येऊ. कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

इनुइटांत आडनाव नव्हते. मूल जन्माला आले की नुकत्याच वारलेल्या आप्ताचे किंवा स्नेह्याचे नाव त्याला देत. त्या नावाबरोबर गेलेल्या माणसाचे काहीतरी त्या बाळात येते अशी त्यांची समजूत. नावाला पुरुषी-बायकी भेद नाही, आजोबांचे नाव नातीला चाले. आणि नुसते नाव येत नाही, नातेही येते. म्हणजे आईने आपल्या वडिलांचे नाव लेकीला दिले, तर ती त्या चिमुरडीला ‘बाबा’ म्हणून हाक मारी! आपल्याला हसू येईल. पण विचार करा, ज्या मुलखात मरण दाराशी उभे, तिथे गेलेल्या माणसाला घरातच ठेवण्याची ही रीत होती. एकेकाला अशी अनेक नावे असत. त्याच्या नावांतून तो कोणाकोणाचा आहे हे गावाला कळे.

पाद्री आले तेव्हा त्यांनी बायबलमधली नावे दिली. मग सरकारी कारकून आले. त्यांना ही नावे उच्चारता येईनात, लिहिता येईनात. एकच नाव दहा ठिकाणी दहा तऱ्हेने लिहिले गेले. बापाचे आणि मुलाचे नाव जुळेना. आम्ही स्वतः कारकुनी करतो, तेव्हा हजेरीपटातला घोटाळा काय असतो ते जाणतो. पण घोटाळा आपल्याला कळत नाही म्हणून समोरच्याचे नावच खोडायचे, हा तोडगा सरकारचाच.

१९४१ साली कॅनडा सरकारने इनुइटांना बिल्ले वाटायला सुरुवात केली. लहानसा गोल बिल्ला, त्यावर राजमुकुट, एका बाजूला नंबर. पूर्वेकडच्यांना ‘ई’, पश्चिमेकडच्यांना ‘डब्ल्यू’, मग विभागाचा आकडा, मग माणसाचा. दोरी ओवून तो गळ्यात घालायचा. १९४५ पासून कुटुंबभत्ता सुरू झाला, त्याचा हिशेब या नंबरावर. दवाखाना, शाळा, पोलीस, सगळीकडे नंबर. कॅनडात दुसऱ्या कोणालाही असा बिल्ला नव्हता.

मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांनाही बिल्ला नंबर असे. पण पाळी सुटली की तो गिरणीपुरता राही. चाळीत परतलेला माणूस आपल्या नावाने परते. इथे बाळ जन्मले की त्याच्या नावे बिल्ला. कचरू, धोंडू अशी नावे ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या घरात होती, त्यांना नाव हा किरकोळ विषय वाटणार नाही.

याच काळात क्षयाने इनुइटांत कहर केला होता. उन्हाळ्यात ‘सी. डी. हाऊ’ नावाचे सरकारी जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने फिरे. लोकांना वर बोलावून एक्स-रे काढत. ज्याच्या फुप्फुसात डाग निघाला, त्याला बऱ्याचदा निरोप घ्यायलाही पुन्हा किनाऱ्यावर सोडत नसत. जहाज तसेच दक्षिणेला. १९५६ च्या सुमारास कॅनडातील दर सात इनुइटांमागे एक जण दक्षिणेच्या इस्पितळात होता. ऑन्टारिओतील हॅमिल्टनच्या एका आरोग्यधामातच १९५८ ते १९६२ या काळात बाराशेहून अधिक इनुइट होते. तिथे त्यांची भाषा जाणणारे कोणी नाही, खाणेही निराळे. बरेच जण बरे होऊन परतले. जे वारले, त्यांना तिकडेच पुरले, आणि अनेक घरांना ते कुठे, हे कोणी कळवले नाही. आई जहाजावर चढली, पुढे काय झाले माहीत नाही, असे सांगणारी मुले म्हातारी झाली.

बिल्ल्यांविरुद्ध इनुइट बोलू लागले. एब ओकपिक हे त्यांच्यातलेच. १९६५ साली वायव्य प्रदेशाच्या कौन्सिलवर गेलेले ते पहिले इनुक. नंबर जाऊन आडनावे यावीत म्हणून सरकारने योजना काढली तेव्हा ती त्यांच्याकडे सोपवली. १९६८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत ते वस्त्यावस्त्यांतून हिंडले आणि घराघराला विचारत गेले, तुमचे आडनाव काय लावायचे? बहुतेकांनी बापाचे किंवा आजाचे नाव सांगितले. १९७० च्या दशकात बिल्ले हळूहळू बंद झाले.

मात्र आडनाव हीसुद्धा परक्याचीच रीत, हेही खरे. घाईत काही सख्ख्या भावांची आडनावे वेगवेगळी पडली. बायकांमागे नवऱ्याचे नाव लागले, जे पूर्वी कधी नव्हते. नंबरापेक्षा बरे, एवढेच म्हणता येईल. आणि स्पेलिंगच्या चुका तशाच राहिल्या. इर्निक म्हणजे मुलगा. हे नाव असलेल्या एका मुलाला १९५८ साली घरातून उचलून मिशनच्या निवासी शाळेत नेले. कागदोपत्री तो पीटर ‘अर्नर्क’ झाला. पुढे मोठेपणी त्याने आपले नाव दुरुस्त करून ‘इर्निक’ लिहायला लावले. हाच पीटर इर्निक २००० ते २००५ या काळात नुनावुटचा कमिशनर होता.

नुनावुट म्हणजे ‘आमची भूमी’. १९९३ साली करार झाला आणि १ एप्रिल १९९९ रोजी हा नवा प्रदेश कॅनडाच्या नकाशावर आला. महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा, आणि २०२१ च्या शिरगणतीत वस्ती फक्त सुमारे ३७ हजार, त्यातले बहुसंख्य इनुइट. त्याची राजधानी इकालुइट, म्हणजे पुष्कळ माशांची जागा. १९८७ पर्यंत या गावाचे सरकारी नाव फ्रोबिशर बे होते. फ्रोबिशर हा इंग्रज दर्यावर्दी. १५७६ साली त्याने एका इनुकला होडीसकट पकडून इंग्लंडला नेले, तिथे तो बिचारा थोड्याच दिवसांत मेला. त्या पकडणाऱ्याच्या नावाने गाव!

८ मार्च २०१९ रोजी कॅनडाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी इकालुइटला येऊन क्षयरोग्यांना दिलेल्या वागणुकीबद्दल सरकारतर्फे माफी मागितली. त्याबरोबर ‘नानिलाव्हुत’ हे काम जाहीर झाले. त्याचा अर्थ ‘चला, त्यांना शोधू या’. दक्षिणेत वारलेल्यांच्या कबरी कुठे आहेत ते जुन्या दप्तरांतून हुडकायचे आणि घरच्यांना तिथपर्यंत न्यायचे. शोधायला आलेल्या लेकरा-नातवंडांना आधी नाव विचारतात. नाव कागदावर सापडत नाही, पाच तऱ्हेने लिहिलेले असते. मग विचारतात, बिल्ल्याचा नंबर आठवतो का? आणि पुष्कळांना तो पाठ असतो.