सरासरीचा हिशेब

नोव्हेंबर 2023 मध्ये गुजरात टायटन्सचा कर्णधार हार्दिक पंड्या मुंबई इंडियन्सकडे परतला आणि मुंबईने कॅमेरॉन ग्रीन यास साडेसतरा कोटी रुपयांच्या मोबदल्यात बंगळुरूच्या स्वाधीन केले, तेव्हा या दोन अष्टपैलूंची तुलना होणे क्रमप्राप्तच होते. 2024 च्या आयपीएल हंगामाचे दफ्तर पाहता ग्रीनच्या खाती 255 व हार्दिकच्या खाती 216 धावा जमा दिसतात. परंतु सरासरी एकाची 31.87 आणि दुसऱ्याची अवघी 18, असे विलक्षण अंतर पडते. याचे कारण असे की, सरासरी काढताना धावांना डावांच्या नव्हे, तर बाद होण्याच्या संख्येने भागतात. ग्रीन आठ वेळा बाद झाला, हार्दिक बारा वेळा, आणि नाबाद राहण्याचा योग कौशल्याइतकाच फलंदाजीच्या क्रमांकावरही अवलंबून असतो. शंभर चेंडूंमागील धावांचा वेग मात्र दोघांचाही 143 च्या आसपास होता.

माझ्या मते अधिक बोधप्रद तुलना ग्रीनची त्याच्या स्वतःशीच आहे: 2023 मध्ये मुंबईच्या वरच्या फळीत खेळताना त्याने 452 धावा केल्या, त्यात वानखेडेवर हैदराबादविरुद्ध ठोकलेले शतकही आले; परंतु बंगळुरूने पुढे त्यास बहुतांशी मधल्या फळीत उतरवले, जेथे वाट्याला येणारे चेंडूच मुळात थोडे असतात.