बांधकामाची थकबाकी आणि इमारतीवरचा हक्क

शिंप्याने शेरवानी शिवली आणि गिऱ्हाईक शिलाई न देताच ती मागू लागले, तर शिंपी ती अडवून ठेवू शकतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७० कारागिराला हा हक्क देते. कायद्याच्या मराठीत याला धारणाधिकार म्हणतात, इंग्रजीत लिएन. मात्र माल कब्जात आहे तोवरच हा हक्क. शेरवानी हातातून गेली की उरतो तो तगादा.

मग गवंडी, सुतार, फरशीवाला, विटा-सिमेंट पुरवणारा यांनी काय अडवायचे? वीट भिंतीत बसली की ती मालकाच्या घराची झाली. या अडचणीवर अमेरिकेने जो तोडगा काढला, तो व्यापारी बांधवांनी समजून घेण्यासारखा आहे.

वॉशिंग्टन ही नवी राजधानी वसवायची होती. पैसे बुडतील या धास्तीने कारागीर व पुरवठादार मागे राहू नयेत, म्हणून थॉमस जेफरसन व जेम्स मॅडिसन यांच्या पुढाकाराने १७९१ साली मेरीलँड राज्याने कायदा केला. ज्याने इमारत बांधली त्याची थकबाकी त्या इमारतीवरच बोजा म्हणून चढेल, असे त्यात ठरले. यालाच मेकॅनिक्स लिएन म्हणतात. त्या काळच्या इंग्रजीत मेकॅनिक म्हणजे हातकाम करणारा कारागीर. आज तेथील सर्व राज्यांत या ना त्या स्वरूपात हा कायदा आहे.

आपल्याकडे सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढतो, तसाच हा प्रकार. बोजा असेपर्यंत मालमत्ता विकणे किंवा तिच्यावर कर्ज काढणे अवघड होते. शेवटी कोर्ट ती विकून पैसे देण्याचा हुकूम करू शकते.

कॅलिफोर्नियात हा हक्क थेट राज्यघटनेत लिहिलेला आहे. पण तो जपावा लागतो. समजा, मुख्य ठेकेदाराला एकाने फरशी पुरवली. मालकाशी त्याचा करार नाही. त्याने माल देण्यास सुरुवात केल्यापासून २० दिवसांत मालकाला, मुख्य ठेकेदाराला आणि बांधकामासाठी कर्ज देणाऱ्याला लेखी नोटीस द्यायची. उशीर झाला, तर नोटिशीआधीच्या २० दिवसांतला आणि त्यानंतरचा मालच धरला जातो. काम पुरे झाल्यावर ९० दिवसांत काउंटीच्या नोंदणी कार्यालयात बोजा नोंदवायचा. मालकाने काम पुरे झाल्याची नोंद केली असेल तर अशा पुरवठादाराला ३० दिवसच मिळतात. नोंदीनंतर ९० दिवसांत दावा लावावा लागतो. नाही लावला तर तो बोजा बजावता येत नाही. परवाना आवश्यक असून तो नसलेल्या ठेकेदाराला हा हक्कच नाही.

मालकालाही यात सावध राहावे लागते. त्याने ठेकेदाराला पूर्ण पैसे दिले आणि ठेकेदाराने फरशीवाल्याचे बुडवले, तरी बोजा मालकाच्या घरावर चढतो. एकाच फरशीचे पैसे दोनदा देण्याची पाळी येऊ शकते. म्हणून पैसे देताना मालक हक्क सोडल्याचा लेखी कागद घेतात. पुरवठादाराने येथे डोळे उघडे ठेवावेत. चेक वटण्याआधी बिनशर्त कागदावर सही केली, तर पैसे नाहीत आणि हक्कही नाही. तेथे अशा कागदांचे नमुने कायद्यानेच ठरवले आहेत. त्यात ‘पैसे मिळाल्यास’ अशी अट असलेला नमुना वेगळा आहे.

सरकारी इमारतीवर असा बोजा चढत नाही. त्यासाठी १९३५ च्या मिलर कायद्याने केंद्र सरकारच्या मोठ्या कामांत ठेकेदाराकडून जामीनपत्र घेण्याची सोय केली. पैसे थकले तर पुरवठादार त्या जामिनावर दावा करतो.

आपल्या कायद्यात पुरवठादाराला इमारतीवर असा बोजा आपोआप मिळत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आधार मात्र आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे तो सांगतो. दुकानदार व घाऊक व्यापाऱ्यांनाही २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. थकबाकीचा हा आधार त्यांना नाही.

तेव्हा माल गाडीत चढण्याआधी लेखी ऑर्डर, सही केलेले चलन आणि टप्प्याटप्प्याने पैसे, ही आपली खरी तारण. उधारीचा शब्द देतानाही विचार करावा. कलम १७० च्या उदाहरणातच म्हटले आहे, की शिंप्याने कोट तयार होताच देण्याचे आणि पैशांसाठी तीन महिने थांबण्याचे कबूल केले, तर त्याला कोट अडवता येत नाही.