खोदाई यंत्रावरील दोष-संकेत कसा वाचावा?

शेततळे, चर आणि बांधबंदिस्तीच्या कामासाठी काही शेतकरी बंधू स्वतःचे खोदाई यंत्र ठेवतात. नव्या यंत्रांत इंजिनावर संगणकाची नजर असते. बिघाड होताच पडद्यावर आकडे येतात आणि सेन्सर बदलण्याची घाई होते. ही घाई टाळावी.

बऱ्याच यंत्रांत या संकेताचे दोन भाग असतात. पहिला, एसपीएन, तक्रार कशाची ते सांगतो. १०० म्हणजे इंजिन ऑईलचा दाब, ११० म्हणजे रेडिएटरच्या पाण्याचे तापमान. दुसरा, एफएमआय, तक्रारीचा प्रकार सांगतो आणि खरे निदान तेथेच आहे. १०० सोबत १ असेल तर सेन्सरच्या मते दाब धोक्याइतका उतरला आहे. इंजिन तत्काळ बंद करावे, ऑईलची पातळी व गळती पाहावी. 'खड्डा पुरा करू' म्हणून चालवल्यास बेअरिंग जातात. मात्र ३ किंवा ४ असेल तर सेन्सरकडून येणारे व्होल्टेज मर्यादेबाहेर आहे. ५ बहुधा तुटलेली तार दाखवतो. अशा वेळी आधी जोडणीच्या पिना गंजल्या आहेत का, आत पाणी शिरले का, वायर उंदराने कुरतडली का, हे तपासावे. (गोठ्याशेजारी उभ्या यंत्रात उंदीर हमखास शिरतो.) तरीही प्रत्यक्ष दाब गेजने मोजल्याशिवाय काम सुरू करू नये.

एकदम अनेक संकेत आल्यास बॅटरीची टोके आणि अर्थिंग प्रथम पाहावे. तपासणीस डिजिटल मल्टिमीटरच वापरावा, बल्बचा टेस्टर नको. त्याने संगणक जळू शकतो. बॅटरी सोडवण्यापूर्वी सर्व आकडे वहीत उतरवून घ्यावेत.