कुत्र्याला गोचिडीचं औषध लावताय? आधी वजन बघा, घरात मांजर आहे का तेही बघा

पेण : गणपती कारखान्यांच्या हमरापुरात काय किंवा शहरातल्या फ्लॅटमध्ये काय, दमट हवेत कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडतेच. प्रश्न नुसत्या खाजेचा नाही. एर्लिकिया, बॅबेसिया हे जंतू तिच्या चाव्यातून रक्तात जातात आणि कुत्रं दगावू शकतं.

मानेवर टाकायच्या औषधांत बऱ्याचदा फिप्रोनिल असतं. केस बाजूला करून, जीभ पोचणार नाही अशा जागी, थेट कातडीवर सोडायचं. कातडीच्या तेलासोबत ते अंगभर पसरतं, तैलग्रंथींत साठून हळूहळू बाहेर येतं. म्हणून आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको. गोचीड मरायला ४८ तासही लागतात. दुसऱ्या दिवशी दिसली म्हणून पुन्हा डोस देऊ नका.

खरा धोका अंदाजपंचे डोसचा. तक्रारी वाढल्याने अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००९ मध्ये अशा औषधांची तपासणी सुरू केली, तेव्हा साडेचार ते नऊ किलोच्या कुत्र्यांना त्रास जास्त झाल्याचं दिसलं. गोठ्यातलं गुरांचं औषध तर नकोच. पर्मेथ्रिन मांजरासाठी जीवघेणं. कुत्र्याच्या अंगावरचं चाटलं तरी विषबाधा होते.

गोचिडी परत आल्या म्हणजे औषध बनावटच असं नाही. मादी कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. भेगा बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा.

औषधानंतर थरथर, उलटी, लाळ गळणं दिसलं तर सौम्य साबणाने धुऊन लगेच पशुवैद्यांकडे न्या. औषधाचं खोकं सोबत घ्या.