अंगावरचे दूध आणि बाटलीचे अभय

पुण्याच्या नळाला खडकवासल्याचे पाणी येते, या गोष्टीचा शहरवासीयांस इतका सराव झाला आहे, की बाटलीच्या दुधाचा कैवार घेणारा गृहस्थ पाण्याचा हिशेब मांडावयास सहसा विसरतो. आणि एचआयव्हीबाधित मातेने बाळाला अंगावर पाजावे की वरचे दूध द्यावे, या वादात तर पुष्कळदा पाणीच निर्णायक ठरते.

अशा मातेचे दूध म्हणजे साक्षात विष, हा समज सर्वांत रूढ. तो अगदीच निराधार नव्हता, हे कबूल केले पाहिजे. कारण औषधांची तजवीज नव्हती तेव्हा गर्भावस्था, प्रसूती आणि स्तनपान या तिन्ही मार्गांनी मिळून शेकडा 15 ते 45 बालकांना लागण होत असे. परंतु या भयापोटी बाटलीला जे अभयदान मिळाले, ते मात्र अवाजवी होते. ससून रुग्णालयातील बाधित मातांच्या 148 बालकांविषयीचा जो अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला, त्यात वरच्या दुधावरील बालकांना इस्पितळात दाखल करण्याचे प्रसंग अंगावर पिणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आले. प्रत्येक वेळी उकळलेले पाणी, स्वच्छ भांडे, पुरेसे इंधन आणि दूध पातळ न करण्याइतकी ऐपत, एवढा सरंजाम ज्या घरी नाही, तेथे एक रोग टाळताना अतिसार दाराशी येतो. बोट्स्वाना देशात सरकार बाधित मातांना दुधाची भुकटी मोफत पुरवी. तेथे 2006 च्या आरंभी अतिवृष्टीनंतर अतिसाराची साथ आली, तेव्हा तिच्या तडाख्यात मुख्यतः अंगावर न पिणारीच बालके सापडली.

‘थोडे अंगावरचे, थोडे वरचे’ हा मध्यममार्ग तर औषधांवाचून अधिकच घातक. निव्वळ स्तनपानापेक्षा मिश्र आहारात लागण अधिक होते, असे डर्बन येथील संशोधनात 1999 साली दिसून आले. आपल्याकडे मात्र तान्ह्याला मध चाटविणाऱ्या आणि बाळगुटी उगाळणाऱ्या आजीबाईंना यात ‘मिश्र’ असे काही वाटतच नाही!

दूध सुरक्षित होते ते औषधांमुळे, आणि हे सिद्ध होण्यात पुण्याचाही वाटा आहे. भारत, युगांडा व इथिओपियात झालेल्या ज्या चाचणीचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले, तीत जन्मतः बाधा नसलेल्या बालकांना सहा आठवडे नेव्हिरापिन दिल्याने त्या मुदतीअखेरचे लागणीचे प्रमाण शेकडा 5.3 वरून 2.5 वर आले. पण सहाव्या महिन्यापर्यंत हे अंतर ओसरू लागले, कारण औषध थांबले होते आणि पाजणे चालू होते. पुढे आफ्रिकेतील केंद्रांसह पुण्यात झालेल्या दुसऱ्या चाचणीत, जेथे प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या मातेला किंवा तिच्या बाळाला स्तनपानाच्या काळातही औषध चालू ठेवले गेले, तेथे बारा महिन्यांअखेर लागण शेकडा 0.6 इतकीच आढळली. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली असा निर्वाळा दिला, की नियमित औषध घेणाऱ्या मातेने निदान बारा महिने पाजावे, हवे तर दोन वर्षे वा त्यापुढेही. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध उत्तमच; तथापि औषध चालू असता मध्ये वरचे दूध दिले गेले, एवढ्यावरून पाजणे तोडण्याचे कारण नाही.

राहिला तपासणीचा घोळ. मातेची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे साध्या चाचणीने तान्हे ‘बाधित’ दिसले, तरी तेवढ्यावरून ते बाधित ठरत नाही. सहाव्या आठवड्यात टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांत प्रत्यक्ष विषाणू शोधतात, आणि अंतिम निर्णय अठरा महिन्यांनंतर, स्तनपान सुटून पुरेसा अवधी गेल्यावरच होतो.