डोळा गेला, म्हणजे नक्की काय झाले?

धाराशिवला पत्र पाठवायचे असेल, तर पत्त्याखाली तुम्ही ४१३५०१ हा पिनकोड लिहाल. २०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. पण हा आकडा होता तोच राहिला. पाकिटावर जुने नाव असो वा नवे, पत्र बरोबर त्याच टपाल कार्यालयात पोहोचते. पिनकोडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित होते. नावांमुळे होणारा घोटाळा आकड्याने मिटवायचा, ही त्यातली युक्ती.

असाच घोटाळा डॉक्टरांपुढेही उभा राहतो. आपण सहज म्हणतो, "अमक्याचा डोळा गेला." म्हणजे नक्की काय झाले? डोळा जागेवर आहे पण त्याने दिसत नाही, की आताच जखम झाली आहे, की शस्त्रक्रिया करून डोळा काढावा लागला? बोलताना एक शब्द पुरतो. रुग्णालयाच्या नोंदीत मात्र तो पुरत नाही.

म्हणून जगभरच्या डॉक्टरांनी आजारांनाही आकडे दिले आहेत. याची सुरुवात झाली १८९३ साली. झाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. पुढे १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे काम हाती घेतले आणि यादीत आजार व जखमाही आल्या. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असून देशोदेशी हळूहळू तिच्याकडे वळण्याचे काम चालू आहे. आपण दहाव्या आवृत्तीतले उदाहरण घेऊ.

समजा, परंडा तालुक्यातल्या एका शेतात ज्वारीची काढणी चालली आहे. आठवीतला एक मुलगा पेंढ्या बांधू लागतो आणि कडब्याचे धारदार पान सपकन त्याच्या डोळ्याला लागते. तो लगेच दवाखान्यात गेला, तर नोंद होईल 'एस ०५', म्हणजे डोळ्याची ताजी जखम. शेजारी आणखी एक संकेतांक येईल, 'डब्ल्यू ६०'. त्याचा अर्थ, जखम काट्याने, कुसळाने किंवा धारदार पानाने झाली. हीच जखम दिवाळीच्या फटाक्याने झाली असती, तर तिथे 'डब्ल्यू ३९' आले असते. एक संकेतांक सांगतो काय झाले, दुसरा सांगतो कशाने झाले.

पण समजा, घरच्यांनी डोळ्यात दूध घातले, तेल घातले आणि आठ दिवस वाट पाहिली. पानाबरोबर आलेली बुरशी डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर, वाढू लागते. तिथे व्रण पडतो. तो आत पसरत गेला, तर कधीकधी डोळा काढण्यावाचून इलाज राहत नाही. जखम भरल्यावर या मुलाच्या कागदावर जो संकेतांक येतो, तो 'झेड ९०.०'.

आता एक गंमत पाहा. डोळ्याच्या आजारांचे अक्षर आहे 'एच'. मग इथे 'झेड' का? कारण नसलेल्या डोळ्याला आजार कसा होणार? 'झेड' हा आजार नसलेल्या, पण डॉक्टरांना माहीत असायलाच हव्यात अशा गोष्टींचा गट आहे. लस टोचून घ्यायला आलेले मूलही याच गटात येते. पुढचे '९०' सांगते, शरीराचा एक अवयव होता, तो आता नाही. शेवटचे शून्य सांगते, तो डोके किंवा मान या भागातला आहे. या शून्यात डोळा, नाक आणि स्वरयंत्र तिन्ही येतात. म्हणून अमेरिकेने आपल्या आवृत्तीत आणखी एक अंक जोडून डोळ्यासाठी 'झेड ९०.०१' केला. कृत्रिम डोळा बसवला, तर त्याला 'झेड ९७.०'. डोळा जन्मतःच नसेल, तर अक्षरच बदलते: 'क्यू ११'.

आणि डोळा आहे, पण दृष्टी नाही, तर? क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्यात १९६१ साली इंग्लंडमधील मोटार अपघातात काच घुसली. त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली, डोळा मात्र राहिला. १९६२ साली ते भारताचे कर्णधार झाले! अशा दृष्टिदोषाची नोंद 'एच ५४' खाली होते, 'झेड ९०' खाली नव्हे.

एवढी काटेकोरपणे वाटणी कशासाठी? आपला परंड्याचा मुलगा पाच वर्षांनी तापासाठी सोलापूरच्या रुग्णालयात गेला आणि तिथे चुकून पुन्हा 'एस ०५' लिहिले गेले, तर एकाच जखमेच्या दोन जखमा होतील. उलट 'डब्ल्यू ६०' लिहायचे राहिले, तर ज्वारीच्या काढणीत किती डोळे जखमी झाले हे कुणालाच कळणार नाही. जे मोजले जात नाही, त्यावर उपायही होत नाही. शिवाय 'झेड ९०.०' पाहताच डॉक्टर सावध होतात. या रुग्णाला एकच डोळा आहे. तो जिवापाड जपला पाहिजे.

तुम्हीही काही संकेतांक टाळू शकता. काढणीला जाताना साधा चष्मा लावा. डोळ्याला पान किंवा काटा लागला, तर चोळू नका, दाबू नका आणि डोळ्यात दूध-तेल घालू नका. दुकानातून मनाने थेंबही आणू नका. त्यांतल्या काही औषधांनी बुरशी उलट फोफावते. डोळ्यावर स्वच्छ फडके सैल धरा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

'एस ०५' वेळेवर लिहिला गेला, तर पुष्कळदा 'झेड ९०.०' लिहिण्याची वेळच येत नाही.