इंजिनिअरिंगला असतानाच संशोधन? वाणगावच्या शेडनेटमधली सहा डिग्री

मागच्या ऑक्टोबरमध्ये चार दिवस मामाकडे, वाणगावला होते. थीसिसचं एक प्रकरण संपवायचं म्हणून लॅपटॉप घेऊन गेले होते आणि अर्थातच एक ओळही लिहिली नाही. मामाची मिरचीची वाडी आहे. आमच्या त्या पट्ट्यात चिकू आणि मिरची या दोन विषयांवर माणसं तासन् तास बोलू शकतात. मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. सकाळची लोकल पकडून जातो तो अंधार पडल्यावर घरी येतो. रात्री जेवणं झाल्यावर हळूच म्हणाला,

"ताई, एक विचारू? मिनी प्रोजेक्ट आहे. वर्गातले निम्मे जण विकत आणणारेत. मॉडेल, कोड, रिपोर्ट, पीपीटी, सगळं तयार मिळतं. मी पण तेच करू का?"

"तुझ्या डोक्यात काहीच नाहीये?"

"आहे ना. पण ते एवढंसंच आहे."

एवढंसं म्हणजे काय, तर त्याने मामाच्या शेडनेटमध्ये एक डीएचटी-११ सेन्सर लावला होता, एक बाहेर. दोन्ही एका ईएसपी-३२ बोर्डाला जोडलेले. आठ दिवसांची रीडिंग्ज घेऊन ग्राफही काढला होता. दुपारी शेडनेटच्या आत बाहेरच्यापेक्षा सहा डिग्री कमी! मामा तर खुशच होता. मार्च आला की त्याची फूलगळ सुरू होते, आणि या ग्राफच्या भरवशावर तो कर्ज काढून दुसरं शेडनेट उभारायच्या विचारात होता.

मी भौतिकशास्त्रवाली. सहा डिग्री ऐकून मला जरा खटकलं. नेटची जाळी हवेला अडवत नाही, आतबाहेर हवा सारखी खेळत असते. मग एवढा फरक टिकणार कसा? विचारलं, "बाहेरचा सेन्सर कुठे टांगलास?"

"कुंपणाच्या खांबावर. काळ्या डबीत घालून, पाऊस लागू नये म्हणून."

म्हणजे बाहेरचा सेन्सर भर उन्हात, काळ्या डबीत. तो हवेचं तापमान मोजतच नव्हता, तापलेल्या डबीचं मोजत होता. हवामान खात्याच्या केंद्रांवर पांढरी, झडपांची लाकडी पेटी दिसते ना, स्टीव्हन्सन पेटी, ती यासाठीच असते. ऊन थेट लागू नये पण हवा मात्र आरपार जावी, आणि उंची जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर. घरच्या घरी करायची तर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बश्या उपड्या, एकावर एक, मध्ये फट ठेवून बसवायच्या आणि सेन्सर आत. आणि ती एकच करून चालत नाही. आतला सेन्सरही तशाच बश्यांमध्ये हवा, नाहीतर तुलना पुन्हा वाकडी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. डीएचटी-११ च्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, तापमानातली अचूकता ±२ अंश. हे आपण कोड लिहिताना वाचतच नाही. याचा अर्थ असा, की खरं तापमान ३२ असेल तर एक सेन्सर ३० दाखवेल, दुसरा ३४, आणि दोघेही कंपनीच्या हिशोबाने 'बरोबर'. आता एक आत लावला आणि एक बाहेर. फरक चार अंशांचा आला. हा फरक शेडनेटचा की सेन्सरचा?

भावाचं उत्तर तयार होतं: "पण ताई, मी हजारो रीडिंग्जची सरासरी घेतलीय." हे मी एमएस्सीच्या प्रॅक्टिकललाही ऐकलेलं आहे, आणि खरं सांगायचं तर स्वतःही बोललेली आहे. सरासरीने जाते ती चूक जी कधी वर, कधी खाली होते. सेन्सर जर कायमच दीड अंश जास्त दाखवत असेल, तर लाख रीडिंग्ज घ्या, सरासरीही दीड अंश जास्तच येणार. वाण्याचा तराजू खोटा असेल तर दहा वेळा वजन करून काय उपयोग?

मग आम्ही काय केलं? आधी दोन्ही सेन्सर एकाच बशीत शेजारी शेजारी ठेवले, दोन दिवस. दोघांत दीड अंशाच्या आसपास फरक निघाला. एकाच जागी! पुढचे चार दिवस 'अ' आत आणि 'ब' बाहेर, मग चार दिवस अदलाबदल. ही अदलाबदल मला फार आवडते, कारण तिला पैसा लागत नाही. समजा 'ब' कायम दीड अंश जास्त दाखवतो. पहिल्या फेरीत तुमचा फरक दीडने फुगतो, दुसऱ्या फेरीत दीडने घटतो. दोन्ही फेऱ्यांची सरासरी घेतली की तो दोष उडून जातो आणि जागेचा फरक उरतो. (दोष तापमानाप्रमाणे थोडा बदलतोही, पण तिसऱ्या वर्षाला एवढं पुरे.) पुढे त्याने डीएस-१८बी-२० हे जलरोधक सेन्सरही आणले, ज्यांची अचूकता ±०.५ अंश असते. ते थर्मासमध्ये, बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून तपासले. चांगलं ढवळलेल्या बर्फ-पाण्यात शून्यच दिसायला हवं. डीएचटी मात्र पाण्यात बुडवायचा नाही. एक तसा मेला.

फोनवर निकाल कळला. आत-बाहेर हवेतला फरक एक अंशही नव्हता. सहा डिग्री गेल्या.

भावाचा आवाज पडलेला होता. "आता प्रोजेक्टमध्ये लिहू काय? काहीच नाही आलं."

इथे मला थोडं थांबायचंय, कारण इंजिनिअरिंगच्या मुलांशी बोलताना याच जागी गाडी अडते. प्रोजेक्ट म्हणजे काहीतरी चालतं करून दाखवायचं, दिवा लागला पाहिजे, मोटर फिरली पाहिजे, असं डोक्यात बसलेलं असतं. ते शिकणं आवश्यकच आहे, मला स्वतःला सोल्डरिंग आजही धड येत नाही. पण संशोधनात एक प्रश्न असतो, ज्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं, आणि ते 'नाही' किती खात्रीने म्हणतोय हे सांगावं लागतं. 'शेडनेटने हवा सहा अंशांनी गार होते' हे वाक्य त्याने स्वतः मोडलं, आणि मामाचं कर्ज काढणं तूर्त थांबलं. याला मी काहीच नाही आलं असं म्हणणार नाही.

पदवीच्या मुलांनी संशोधन करावं ही कल्पना काही नवीन नाही. अमेरिकेत एमआयटीने १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या चालू संशोधनात घेण्याची रीतसर योजना सुरू केली. मार्गारेट मॅकव्हिकर या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी ती उभी केली. (त्याच वर्षी आमच्या शेजारच्या तारापूरला अणुवीज सुरू झाली. संबंध काही नाही, पण वाणगावच्या माणसाला १९६९ म्हटलं की तारापूरच आठवणार.) एवढ्या लांब कशाला, पुण्याचं सीओईपी घ्या. तिथल्या विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास 'स्वयम्' नावाच्या उपग्रहावर काम सुरू केलं. एक किलोच्या आतला, दहा सेंटिमीटरचा ठोकळा. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ ने तो इतर एकोणीस उपग्रहांबरोबर वर गेला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' गेला, त्याचं काम २००७ पासून चाललेलं.

'स्वयम्'मधला प्रश्न मला शेडनेटच्याच जातीचा वाटतो. अवकाशात उपग्रह गरगर फिरतो, त्याला स्थिर कसं करायचं? मोठ्या उपग्रहांत त्यासाठी फिरती चाकं असतात, त्यांना वीज लागते. एवढ्याशा ठोकळ्यात वीज आणायची कुठून? मुलांनी विचारलं, वीज न वापरता जमेल का? आत एक कायमचा चुंबक ठेवायचा, होकायंत्राच्या सुईसारखा तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळणार. पण सुई लगेच थांबत नाही, हेलकावे खाते. म्हणून सोबत अशा धातूच्या कांड्या ठेवायच्या, ज्यांचं चुंबकत्व उलटसुलट होताना फिरण्याची ऊर्जा उष्णतेत जाते आणि हेलकावे हळूहळू मरतात. पुस्तकातल्या हिस्टेरिसिसच्या वळणाचा एवढा सुंदर उपयोग मी बीएस्सीला कुणाकडूनच ऐकला नव्हता.

आता तारखा पुन्हा बघा. २००८ ते २०१६, आठ वर्षं. इंजिनिअरिंग चार वर्षांचं. म्हणजे ज्यांनी पहिलं गणित मांडलं ते प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी पास होऊन गेले होते. काम पुढच्या बॅचकडे जात राहिलं, आणि ते जाऊ शकतं तेव्हाच जेव्हा आधीच्यांनी लिहून ठेवलेलं असतं: कोणता भाग का निवडला, कोणता जळला, कोणतं रीडिंग संशयास्पद आहे. आपल्याकडे ब्लॅक बुक कपाटात जातं आणि पुढच्या वर्षी तोच प्रोजेक्ट नव्या नावाने पहिल्यापासून होतो. भावाला मी एक शंभर पानी वही घ्यायला लावली. तारीख, वेळ, सेन्सर कुठे, आभाळ होतं का, कोणी हात लावला का. पेनने लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारायची, खोडायचं नाही. "मेला तो सेन्सरही लिहू?" त्यालाच तर आधी लिही म्हटलं.

पेपरबद्दलही त्याने विचारलं. एका सीनियरने सांगितलं होतं, अमुक रुपये भरले की आठवड्यात पेपर छापून येतो, प्लेसमेंटला दाखवता येतो. मी एमएस्सीला असताना माझा एक असा पेपर आहे. छापणाऱ्याने एकही प्रश्न विचारला नव्हता. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत तीन जणांनी त्याच पेपरवर वीस मिनिटं विचारलं, आणि त्या रात्री मी तो सीव्हीतून काढला. त्यापेक्षा 'आविष्कार'ला जा. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा २००६ पासून चालते, पदवीच्या विद्यार्थ्यांचा वेगळा गट असतो आणि समोर उभं राहून उत्तरं द्यावी लागतात. उन्हाळ्यासाठी देशाच्या तीन विज्ञान अकादमींची मिळून दोन महिन्यांची फेलोशिप आहे, तिला इंजिनिअरिंगची मुलंही अर्ज करू शकतात. अर्जात 'मला संशोधनाची आवड आहे' असं सगळेच लिहितात. बर्फात सेन्सर तपासल्याचं फार थोडे लिहितात.

आणि गाईड? सर मदत करत नाहीत ही तक्रार नेहमीची. कधी कधी ती खरीच असते. पण 'सर, टॉपिक द्या' म्हणून गेलात तर हाती टॉपिकच पडणार. ग्राफ घेऊन जा आणि 'इथे असं का आलं' विचारा. कॉलेजात कुणी नसेल तर बाहेर विचारा. शेतीचा प्रश्न होता म्हणून मी भावाला कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन यायला सांगितलं. नेटवर चार तास शोधण्यापेक्षा ती एक चक्कर बरी.

तिथून तो वेगळाच प्रश्न घेऊन आला. हवा गार होत नसेल, पण नेटमुळे पानावर ऊन कमी पडतं. मग पान गार राहतं का? आपल्यालाही सावलीत बरं वाटतं ते हवा गार असते म्हणून नाही, अंगावर ऊन पडत नाही म्हणून. पानाचं तापमान हवेपेक्षा वेगळं असू शकतं आणि ते इन्फ्रारेड थर्मामीटरने लांबून मोजता येतं. फक्त नेम पानावर हवा. लांब धरलं तर मागची तापलेली मातीही मोजली जाते.

आता तो आणि त्याचे दोन मित्र रविवारी दुपारी बारा ते तीन वाडीत असतात, नेटच्या आत वीस पानं, बाहेर वीस, एकाच वाणाची, एकाच वयाची. कुठलं पान मोजायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात, नाहीतर हात आपोआप चांगल्या पानाकडे जातो. मामाने आधी कपाळाला हात लावला. मागच्या रविवारी मात्र त्याने स्वतःच फोन करून विचारलं, "अगं, ती गळलेली फुलं पण मोजायला सांगू का पोरांना?"

मी म्हटलं, सांग. आणि वहीत लिहायला सांग.